टिटवीच्या पोटात कॉम्प्युटर

परवा रात्री साडेअकराला माझ्या स्पेसशिपच्या आकाराच्या कॉम्प्युटरच्या पेटीचा, म्हणजे टिटवीचा, शेवटचा स्क्रू बसवला आणि बटण दाबलं. पोटातले दोन पंखे फिरले, मागची चार नरसाळी आतून निळी उजळली, गेम लावून पंधराएक मिनिटं झाली असतील आणि पाठीवरची दोन दारं आपोआप हळूहळू उघडली. आबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते, बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग उठले, उघड्या दारावर तळहात धरला आणि म्हणाले, "गरम वारं येतंय की गं पोरी. म्हंजे दार खरं हाय."

या एका वाक्यासाठी नऊ महिने घालवलेत मी. त्यामुळं आज सगळं सविस्तर लिहिणार आहे, लांब होईल, चहा घेऊन बसा.

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिझाइनला आहे, दिवसभर स्क्रीनवर कास्टिंगची मॉडेलं फिरवत बसायचं काम. आबा म्हणजे माझे आजोबा, वय ७६, चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. ज्यांना फाउंड्रीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, लोखंडाचा एखादा पार्ट ओतायचा तर आधी त्याच आकाराचा लाकडी पार्ट करतात, तो वाळूत दाबून काढून घेतला की वाळूत पोकळी राहते आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. तो लाकडी पार्ट म्हणजे पॅटर्न. सागवानाचा, रंधा पटाशी आणि कानस मारून केलेला, हाताला काचेसारखा गुळगुळीत लागणारा. आणि त्याच्या अंगावर शोभेचं काहीसुद्धा नसतं. बाजू जराशी तिरकी असते कारण वाळू न मोडता तो बाहेर यायला पाहिजे, आतला कोपरा गोल असतो कारण टोकदार कोपऱ्यात कास्टिंगला तडा जातो, आणि सगळंच माप थोडं मोठं असतं कारण कास्ट आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. प्रत्येक उताराला, प्रत्येक गोलाईला कारण. हे मी कॉलेजात शिकले पण खरं कळलं ते या स्पेसशिपमुळं.

स्पेसशिपचा नाद लहानपणापासूनचा. आम्ही राजारामपुरीतले, आमच्याकडं गणपतीत तांत्रिक देखावे म्हणजे काय असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मी सातवीत असताना आमच्या गल्लीतल्या पोरांनी रॉकेट केलं होतं, पुठ्ठा, थर्माकोल, चंदेरी कागद, आणि आत ट्रकच्या वायपरची मोटर, ती फिरली की रॉकेटचं दार उघडायचं आणि आतून अंतराळवीर हात हलवायचा. लोक रांगा लावून बघायचे. मी मात्र मागच्या बाजूला जाऊन ती मोटर आणि तिला लावलेली पट्टी बघत बसायचे, एकाच दिशेनं गोल फिरणाऱ्या मोटरवर दार उघडतं पण आणि मिटतं पण, हे मला जादूसारखं वाटायचं. ती पट्टी लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

गेल्या दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा जुना पीसी मोडीत काढून नवीन करायचं ठरवलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, छोटा मिनी आयटीएक्स मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्याच्यावर जोडतात तो बोर्ड. पार्ट घेतले आणि कॅबिनेट बघायला गेले तर सगळीकडं तेच, काळा डबा, पुढं काच, आत रंगीत पंखे. वाईट आहेत असं नाही पण माझा त्यातल्या एकावरही जीव बसेना. घरी येऊन आबांना म्हणलं, आबा, पेटी आपणच करूया का, स्पेसशिपसारखी? आबा म्हणाले, "बाबूराव पेंटरांनी कॅमेरा हितंच केला न्हवं का. कॅमेरा बी पेटीच की." आता बाबूराव पेंटर कुठं आणि आम्ही कुठं, पण खरंच, शंभरेक वर्षांपूर्वी या गावात एका माणसानं स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० ला 'सैरंध्री' आणला, हे आबांच्या पिढीला रोजच्या बोलण्यातलं उदाहरण आहे. बाहेरनं आणायचं, उघडून बघायचं, आणि आपलं आपण करायचं.

ऑफिसातल्या सगळ्यांनी विचारलं थ्रीडी प्रिंट का नाही करत. मला माउस सोडून हाताला काहीतरी लागणारं करायचं होतं, एवढंच त्याचं उत्तर.

पहिला महिना पुठ्ठ्यात गेला. मिठाईच्या खोक्यांचा, कुरिअरच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून मी एक जहाज केलं, लांब नाक, दोन्ही बाजूला पंख, आणि अंगभर रेघा, खाचा, छोटे चौकोन, पाइप. सिनेमातल्या जहाजांवर असतात तसे. स्टार वॉर्सच्या १९७७ च्या पहिल्या सिनेमासाठी मॉडेल करणाऱ्यांनी दुकानात मिळणारे रणगाड्यांचे, जहाजांचे प्लास्टिकचे किट आणून त्यातले सुटे तुकडे जहाजांवर चिकटवले होते, त्या बारीक नक्षीला ते लोक ग्रीबल म्हणतात. बारीक कामामुळं वस्तू प्रचंड मोठी वाटते, डोळा फसतो. मी पण तेच केलं, शिलाई मशीनच्या बॉबिन, बाटल्यांची टोपणं, जुन्या प्रिंटरची चाकं, सगळं चिकटवलं आणि मोठ्या आनंदानं आबांसमोर ठेवलं.

आबांनी चष्मा लावला. बोट ठेवलं एका चौकोनावर. "हे कशाला गं?"

म्हणलं, आबा, ते असंच, डिझाइन आहे.

"आणि ही रेघ?"

ती पण डिझाइनच.

"पॅटर्नवर आसं न्हाई चालत," एवढंच बोलले आणि जेवायला गेले. रागानं नाही, साधं बोलले. पण मला झोप आली नाही त्या रात्री, कारण मला कळलं की ते बरोबर बोलतायत. सिनेमातलं जहाज तीन सेकंद दिसतं, त्याला फसवून चालतं. माझं जहाज टेबलावर रोज डोळ्यासमोर असणार, आणि आत खराखुरा कॉम्प्युटर जळत, म्हणजे तापत असणार. त्याच्या अंगावरची रेघ खोटी असली तर मला रोज दिसणार.

मग मी उलटीकडनं सुरुवात केली. खऱ्या अंतराळयानावर काय असतं आणि का असतं ते वाचायला लागले. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा आम्ही सगळे ऑफिसात मोबाइलला चिकटलो होतो, लँडरभोवतीचं ते सोनेरी कागदासारखं आवरण तेव्हा फक्त सुंदर वाटलं होतं, ते उष्णता अडवण्यासाठी गुंडाळलेले पातळ थर आहेत हे आता नीट कळलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती ही की अंतराळात गार राहणं लई अवघड आहे. आपल्याला वाटतं तिथं थंडी, पण हवाच नाही तर पंखा कशाला वारा घालणार? उष्णता फक्त किरणांनी बाहेर जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ते मोठमोठे पांढरे रेडिएटर पसरलेले असतात, त्यात आतली उष्णता अमोनिया वाहून नेतो. आणि स्पेस शटल, १९८१ ते २०११ उडायचं ते, त्याच्या पाठीवरची माल ठेवायच्या कप्प्याची जी दोन लांब दारं, त्यांच्या आतल्या बाजूलाच रेडिएटर बसवलेले होते. कक्षेत गेलं की दारं उघडायलाच लागायची, नाही उघडली तर मोहीम आवरून लवकर परत यायचं.

हे वाचलं आणि मी उठून उभीच राहिले. दारं! माझ्या जहाजाला पाठीवर दारं पाहिजेत, आणि ती आत तापलं की उघडली पाहिजेत. शोभेला नाही, कामाला.

तिथनं पुढं सगळं आपोआप जुळत गेलं. आमच्याकडं हवा आहे त्यामुळं पंखे चालतात, हवा खालनं आत आणि वरनं बाहेर, कारण गरम हवेला तसंही वरच जायचं असतं. म्हणजे पोटाला दोन १२० मिलिमीटरचे पंखे. पंखे पोटाला म्हणजे जहाज टेबलापासून उचललेलं पाहिजे, म्हणून तीन पाय, ७० मिलिमीटर उंच. ग्राफिक्स कार्ड खालच्या मजल्यावर आडवं, पंख्यांच्या बरोबर वर, त्याच्या डोक्यावर ट्रे आणि ट्रेवर मदरबोर्ड, दोघांमध्ये रायझर केबल, म्हणजे कार्ड बोर्डापासून लांब ठेवून जोडायची लवचिक केबल. कार्डाची गरम हवा बोर्डाला लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या तिरक्या फटी. पॉवर सप्लाय एसएफएक्स नावाच्या छोट्या मापाचा, १२५ बाय १०० बाय ६३.५, जड असतो, तो नाकात, नाहीतर मागं वजन होऊन पुढचा पाय उचलला जातो. एका संध्याकाळी हे सगळं ड्रॉइंग शीटवर काढलं, मधल्या अंगाची लांबी ४२० मिलिमीटर, नाक आणि शेपूट धरून ६२०. आबांनी परत एकेका रेघेवर बोट ठेवलं. सगळ्या रेघांना उत्तर होतं माझ्याकडं.

आता बांधकाम. सांगाडा ६ मिलिमीटर प्लायचा, बोटीच्या फासळ्या असतात तशा सात फासळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या दोन लांब बाजू. आबांची अवजारांची पेटी बारा वर्षांनी उघडली, गुण्या, पटाश्या, दोन रंधे, सगळ्याला तेल लावून ठेवलेलं होतं. आणि इथंच माझी मोठी चूक झाली. पेटीतली स्टीलची पट्टी घेतली, एका बाजूवर ४२० चं माप टाकलं आणि फासळ्यांच्या खाचा आखून कापून टाकल्या. दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसच्या पट्टीनं आखली. जोडायला घेतलं तर शेवटची फासळी तिरकी. परत मोजलं, बरोबर. परत जोडलं, तिरकी. दोन तास डोकं धरून बसले. शेवटी दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या आणि बघते तर ४२० वर चार मिलिमीटरचा फरक! आबांची पट्टी ही पॅटर्नमेकरची पट्टी, आकस धरून बनवलेली, तिच्यावरचा १ मीटर हा खरा १०१० मिलिमीटर असतो. कॉलेजात यावर मी पाच मार्कांचा प्रश्न सोडवलाय. आबांना सांगितलं तर त्यांनी पट्टी हातात घेतली, अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, "हिच्यावर एवढी वर्सं काम केलं, मला हीच खरी वाटती बघ." बाजू नवीन कापली. जुनी ठेवलीय, भिंतीला टांगून.

बोर्डाचा ट्रे मात्र पत्र्याचाच पाहिजे होता. प्लाय आणि प्लास्टिकमधनं वीज जात नाही, त्यामुळं बोर्डाचं आणि कार्डाचं अर्थिंग नीट व्हावं म्हणून पत्रा घेऊन तो पॉवर सप्लायच्या बॉडीला वायरनं जोडला. उद्यमनगरात शीटमेटलवाल्या काकांकडं गेले, दीड मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम, दोन बाजू वाकवायच्या, एका बाजूला १५८.७५ बाय ४४.४५ चं खिडकीसारखं भोक, मदरबोर्डच्या मागच्या पोर्टची पट्टी त्यात बसते. काका म्हणाले, "ताई, पॉइंट सात पाच आणि पॉइंट चार पाच कशाला, एकशे साठ बाय पंचेचाळीस करू की." म्हणलं काका, ती पट्टी दाबून अडकते, सैल झाली तर यूएसबी लावताना आत जाईल. मग त्यांनी आधी थोडं कमी कापलं आणि कानशीनं घासत घासत, पट्टी चार वेळा लावून बघत, बरोबर टक् आवाज येईपर्यंत आणलं. पैसे घेतले दोनशे. बोर्डाखालचे पितळी खांब शेजारच्या लेथवर करून मिळाले, २.५ चं भोक आणि त्यात एम३ चा टॅप, म्हणजे ३ मिलिमीटर स्क्रूसाठी आटे. भोकांच्या जागा मी इंटरनेटवरनं घेतल्या नाहीत, बोर्डच कागदावर ठेवून पेन्सिलीनं उतरवल्या, एक मदरबोर्ड हातात असताना दुसरं ड्रॉइंग कशाला.

वरची कातडी ३ मिलिमीटर सनबोर्डची. हा फोमसारखा पीव्हीसी, कटरनं कापतो, हॉट एअर गननं गरम केला की पाहिजे तसा वाकतो, फेविक्विकनं लगेच धरतो. फटीत खायचा सोडा भुरभुरून वर फेविक्विक सोडलं की दगडासारखं घट्ट होतं, ही युक्ती देखाव्याच्या दिवसांतली. नाकासाठी मात्र आबांनी सनबोर्ड घेऊ दिला नाही. सागवानाचे जुने तुकडे चिकटवून ठोकळा केला आणि रंध्यानं, मग पटाशीनं, मग कानशीनं ते नाक त्यांनी स्वतः केलं, तीन रविवार. मी फक्त बघत होते. त्यांचा हात कापतो आता, पण पटाशी लाकडाला टेकली की कापायचा थांबतो.

शेपटीला इंजिनं पाहिजेत. रॉकेटच्या इंजिनाचं तोंड घंटेसारखं मागं रुंद होत जातं, कारण जळलेला वायू पसरत जाताना त्याचा वेग वाढतो. चार दिवस मी त्या आकाराचं काय मिळेल ते शोधत होते आणि ते सापडलं स्वयंपाकघरात, रॉकेलच्या काळातलं स्टीलचं नरसाळं. भांड्यांच्या दुकानातनं चार एकसारखी आणली, नळ्या कापल्या, आत गोल घासलेल्या अ‍ॅक्रेलिकच्या चकत्या आणि त्यामागं एलईडी. अ‍ॅक्रेलिक चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं ओलं करून घासलं की उजेड छान दुधी पसरतो. एलईडीची पट्टी पाच व्होल्टची आहे की बारा ते तीनदा बघा, पाचची पट्टी बाराला लागली तर क्षणात जाते. आणि आबांनी विचारलंच, नरसाळ्यांचं काम काय? खरं तर वरच्या दोन नरसाळ्यांच्या मागं जाळी आहे, दारं मिटलेली असताना गरम हवा तिथनं जाते. मोटर बिघडली आणि दारं उघडलीच नाहीत तरी कॉम्प्युटर गुदमरणार नाही. खालच्या दोघींमधनं केबली बाहेर येतात.

आता दारं. यासाठी बरेच जण आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड, आणि सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनाला थांबणारी मोटर, वापरतात, मी पण आधी तेच धरलं होतं. पण मला ती वायपरची पट्टी आठवत होती. १२ व्होल्टची छोटी गिअर मोटर घेतली, मिनिटाला १० फेरे. तिच्या चाकावर मध्यापासून लांब एक पिन, पिनवर पट्टी, पट्टीचं दुसरं टोक दारांना जोडणाऱ्या आडव्या दांडीला. चाक अर्धा फेरा फिरलं की दांडी वर, दारं उघडी, उरलेला अर्धा फेरा फिरलं की खाली, दारं बंद. मोटर कायम एकाच दिशेनं फिरते, उलटी फिरवायची गरजच नाही. अर्धा फेरा म्हणजे तीन सेकंद, दार उघडायला अगदी बरोबर वेग, घाई दिसत नाही.

आणि चालू-बंद करायला बाजारात मिळणारा छोटा थर्मोस्टॅट, वायरच्या टोकाला थेंबासारखा सेन्सर असतो, तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्याच्या रिलेला, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचला, तीन टोकं. मधल्याला बारा व्होल्ट. तापल्यावर जुळणाऱ्या टोकातनं वायर एका मायक्रोस्विचमधनं मोटरला, गार असताना जुळलेल्या टोकातनं दुसऱ्या मायक्रोस्विचमधनं त्याच मोटरला. पहिला स्विच दार पूर्ण उघडलं की दाबला जाऊन वीज तोडतो, दुसरा पूर्ण मिटलं की तोडतो. बस. आतली हवा ४२ अंशांवर गेली की रिले टक् करतो, मोटर फिरते, दार उघडतं, स्विच वीज तोडतो, मोटर थांबते. हवा ३८ वर आली की रिले परत पडतो आणि मोटर उरलेला अर्धा फेरा पुरा करते. एक ओळ प्रोग्राम नाही. दोन्ही स्विच जुन्या माउसमधले, क्लिक करून करून तयार झालेले. पहिल्यांदा हे टेबलावर उघडं चालवून बघितलं, हेअर ड्रायरनं सेन्सर तापवला, दांडी वर आली, फुंकर मारत बसले, दांडी खाली गेली, आणि मी सातवीतल्यासारखी परत परत तेच करत बसले रात्री दोनपर्यंत.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा सगळं आत बसवून चालवलं आणि स्क्रीन काळी. पंखे फिरतात, चित्र नाही. कार्ड सरळ बोर्डात लावलं तर चालतं, रायझरवर नाही. बोर्ड आणि कार्ड दोन्ही पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे ज्या जोडणीनं ते एकमेकांशी बोलतात तिच्या, चौथ्या पिढीचे आणि रायझर तिसऱ्या पिढीचा, ते आपापसात चौथ्या पिढीच्या वेगानं बोलायला जातात आणि केबलला तो वेग झेपत नाही. कार्ड सरळ लावून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तो स्लॉट जेन ३ ला, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या वेगाला, बांधून टाकला, मग रायझर लावला, चित्र आलं. कुणी रायझरवर अडकलं असेल तर आधी हे बघा.

चित्र आलं पण ताप होता. दुपारी बाहेर ३८, प्रोसेसर ८९ वर, याची कमाल मर्यादाच ९० आहे. शिवाय कार्डाच्या मागं हात लावला तर सनबोर्ड मऊ झालेला, बोट रुततंय. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास नरम पडतो हे मला माहीत होतं, वाकवताना त्याचाच तर फायदा घेत होते, पण तोच गुण इथं उलटेल हे सुचलं नव्हतं. कल्ले उघडून बघितले तर फटी बाहेरनं आठ मिलिमीटर पण आतल्या फासळीनं निम्म्या झाकलेल्या. दोन फासळ्यांना पोट काढलं, कार्डाच्या भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा बोगदा केला, तो कातडीपासून दहा मिलिमीटर लांब ठेवला, आणि पंख्यांच्या तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचे तीन पदर होते ते एकावर आणले. फाउंड्रीच्या गावात धूळ आहे म्हणून मी तीन लावले होते, पंख्याला श्वासच घेता येत नव्हता. आता भर गेममध्ये प्रोसेसर ७४, कार्ड ७१, आणि दारं बंद ठेवून मुद्दाम बघितलं तर दोन्ही सहा-सहा अंशांनी वाढतात. सहा अंश! दार खरं आहे याचा माझ्याकडं आकडा आहे.

रंगाचं काम जुलैवर ढकललं गेलं आणि ते महाग पडलं. आधी लांबी, म्हणजे पुटी, भरायची, घासायची, प्रायमर, परत लांबी, परत घासायचं, १२० पासून ८०० नंबरपर्यंत, त्यात दोन महिने कसे गेले कळलंच नाही. जुलैत गल्लीतल्या गॅरेजच्या पेंटर मामांचा कंप्रेसर आणि गन घेऊन डुको, म्हणजे गाड्यांना मारतात तो रंग, मारला. रात्रभर पाऊस, सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसलेले, आणि सकाळी माझं काळंभोर जहाज राख फासल्यासारखं पांढुरकं. रडायलाच आलं. मामांनी बघून सांगितलं की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर बसून रंगात अडकते, पावसाळ्यात डुकोला हे होतंच, त्यात सावकाश उडणारा रिटार्डर घालायला लागतो. उघडीप मिळालेल्या एका दुपारी त्यांनी स्वतः रिटार्डर घालून हलका एक हात मारला आणि पांढुरकेपणा विरघळून गेला, खालचा काळा परत वर आला.

रंग कुठले, यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. आबांच्या शॉपमध्ये पॅटर्नला तीन रंग असायचे, काळा म्हणजे जसं ओतलं तसंच राहणारा भाग, तांबडा म्हणजे ज्याच्यावर पुढं मशीन चालणार, पिवळा म्हणजे जिथं कोअर, म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा तुकडा, येऊन बसणार. पॅटर्न बघूनच मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा करणाऱ्याला, कळायचं कुठं काय. तेच घेतलं. जहाज काळं. जिथं गरम हवा बाहेर पडते, म्हणजे कल्ले, दारांच्या कडा आणि वरच्या नरसाळ्यांची कडी, ते तांबडं. आणि जे जे हातानं निघतं, पोटाची जाळी, नाकाचा कप्पा, बाजूचं एक पॅनेल, त्याच्या चारी बाजूंनी पिवळी रेघ. माझ्या भावानं न विचारता पिवळी रेघ बघून बाजूचं पॅनेल बरोबर ओढून काढलं, तेव्हा आबांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. पहिल्या पुठ्ठ्याच्या मॉडेलवरच्या बॉबिन आणि टोपणं मी डब्यात भरून ठेवलीत, जहाजावर त्यातलं एकही नाही, तरी लोक जवळ येऊन बघतात तेव्हा बारीक काम किती केलंयस म्हणतात.

नाव आज्जीनं ठेवलं. तीन पायांवर उभं राहिलेलं लांब नाकाचं काळं धूड बघून म्हणाली, "टिटवी हाय ही." टिटवी आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपते असं आज्जी आम्हाला लहानपणी सांगायची, रंकाळ्याच्या काठाला संध्याकाळी तिचा आवाज यायचा तेव्हा. नाकाच्या डाव्या बाजूला आबांनी पेन्सिलीनं अक्षरं काढून दिली आणि मी बारीक ब्रशनं भरली, पांढरी.

वजन भरलं ९ किलो ४०० ग्रॅम, खर्च कॉम्प्युटरचे पार्ट सोडून दहा हजारांच्या आत, त्यात रायझर सगळ्यात महाग.

एक काम राहिलंय. दोन दिवस झाले डावं दार मिटताना मागच्या कोपऱ्यात घासतंय, अर्धा मिलिमीटर असेल, मोटरचा आवाज तिथं जरा बदलतो. मी रंधा घेऊन बसलेच होते, आबांनी हातातनं काढून घेतला. दाराची चौकट सागवानाची आहे, पावसाच्या हवेनं फुगलीय, आत्ता तासली तर उन्हाळ्यात तिथं फट पडेल. "दसऱ्यापत्तूर थांब. वाळू दे तिला. मग बी घासलं तर बघू," म्हणाले, आणि रंधा तेल लावून पेटीत ठेवला.